गांजा, पक्ष आणि हुर्राकाची पैज

मांडवीकाठ
मंडळी, एक पैज लागली आहे. निकालासाठी तुमची डोकी हवीत.

फोंड्याला आमचा चहाचा कंपू आहे, त्यात एक निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, २०२७ च्या विधानसभेला गोव्यातला एक तरी पक्ष जाहीरनाम्यात गांजा कायदेशीर करण्याचा विषय घेईल. "हिमाचलात चाललंय, जर्मनीत झालंय, आपल्याकडे तर पर्यटन आहे. कोणीतरी धाडस करणारच." मी म्हटलं, मास्तर, एकही करणार नाही. पैज हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, एका बाटलीची.

माझ्या म्हणण्याला आधार आहे तो डिसेंबर २०२० चा. औषधी वापरासाठी गांजाच्या लागवडीला परवानगी द्यावी, असा प्रस्ताव कायदा खात्याने तपासून पुढे पाठवल्याचं तेव्हाचे कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी सांगितलं. प्रस्ताव कुणा हिप्पीचा नव्हता. जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनचा होता, म्हणजे केंद्राच्याच सीएसआयआर या विज्ञान-संशोधन परिषदेच्या संस्थेचा. पण बातमी फुटली मात्र, काँग्रेस तुटून पडली आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना सरकारने काही ठरवलेलं नाही असा खुलासा करावा लागला. मग ती फाईल कुठल्या कपाटात गेली ते कपाटालाच ठाऊक.

तर प्रश्न दोन. कोणी पक्ष हे उघडपणे बोलेल का? आणि बोलावं का?

डिचोलीकर
पैज तुम्ही जिंकलात. हुर्राक प्यायला कधी येऊ?

शापोरा_पूल
मी किनारी पट्ट्यातला. आमच्याकडे "कायदेशीर करा" असं कोणीच म्हणत नाही, कारण ज्याला हवं त्याला मिळतंच. आणि जे विकतात त्यांना ते कायदेशीर व्हायला नको आहे. झालं तर भाव पडेल.

सुलभा पेडणे
मी विरोधात आहे आणि स्पष्ट लिहिते. आम्ही लहान असताना हरमलला गोरे लोक झाडाखाली राहायचे. आमच्या घरचे लोक त्यांना खोल्या देत, दूध, उंडे (गोव्याचे पाव) देत. तेव्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. नंतर आमच्याच वयाचे दोघे-तिघे मुलगे त्यांच्यात बसायला लागले. त्यातला एक आज पन्नाशी ओलांडून गेला. आई होती तोवर आईच्या पेन्शनवर, आता भावाच्या मेहेरबानीवर. दिवसभर पायरीवर बसून असतो. त्याला पाहून "निसर्गाची देणगी आहे हो" असं कोणी म्हटलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

कुठल्याही पक्षाने हे जाहीरनाम्यात घातलं तर आमच्या महिला मंडळाचं एक मत त्याला मिळणार नाही.

फेणीप्रेमी
सुलभाताई, दुःख खरं आहे. पण तशाच पायरीवर दारू पिऊन बसलेले आमच्या वाड्यावर पाच आहेत. दारूची दुकानं मात्र दर शंभर पावलांवर, परवान्यासकट. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. (मी तर उभं राहून वाजवल्या.)

सुलभा पेडणे
फेणीप्रेमी, एक खड्डा आहे म्हणून शेजारी दुसरा खणा, असं सांगताय का?

डिचोलीकर
खड्ड्यांचं उदाहरण देऊ नका, सार्वजनिक बांधकाम खातं वाचत असेल.

वकील तात्या
चर्चा पुढे जाण्याआधी कायदा काय म्हणतो ते मांडतो. लोक इथेच गोंधळतात.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, राजीव गांधींच्या काळातला. मागे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार. त्यात भारताने भांग-गांजाच्या परंपरेमुळे २५ वर्षांची सवलत पदरात पाडून घेतली होती, ती संपत आली आणि कायदा आला. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया यांना गांजा म्हणत नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. झाड एकच, पान चालतं, फूल चालत नाही!

आता मुद्द्याची गोष्ट. कलम १० नुसार गांजाच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊन तिचं नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कलम १४ नुसार धाग्यासाठी, बियांसाठी लागवडीला मुभा देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये याच वाटेने औद्योगिक हेम्पचे (धाग्या-बियांसाठी लावायच्या, नशा नगण्य असलेल्या गांजाच्या झाडाचे) परवाने दिले, नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा या अटीवर. म्हणजे गोव्याचा २०२० चा प्रस्ताव बेकायदा वगैरे नव्हता. पण ओढायला गांजा मोकळा करणं राज्याच्या हातात नाही, त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागेल. तेव्हा मास्तरांनी पैज नेमकी कशावर लावली आहे ते आधी विचारा. लागवड, औषध की चिलीम?

मांडवीकाठ
तात्या, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मास्तर म्हणतात "काहीही चालेल". मी म्हणतो चिलीम.

विरोधक कायमचा
पक्षांची गंमत मी सांगतो. गोव्यात काँग्रेस विरोधात होती म्हणून २०२० ला तिने विरोध केला. हिमाचलात तीच काँग्रेस सत्तेत आहे. तिथे २०२३ मध्ये महसूलमंत्री जगत सिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने विधानसभेत ठराव झाला. उत्तराखंडात २०१८ ला परवाने दिले ते भाजपने. गोव्यात माघार घेतली ती पण भाजपने. म्हणजे झाडाला पक्ष नाही. खुर्चीच्या कुठल्या बाजूला बसलात त्यावर त्याची पवित्रता ठरते.

यात नवल काही नाही. कॅसिनो आठवा. भाजप विरोधात असताना पर्रीकरांनी मांडवीतल्या कॅसिनोंविरुद्ध मशाल मोर्चा काढला होता. मग सत्ता आली. मशाली विझल्या, कॅसिनोंचे दिवे अजून पणजीतून दिसतात.

शापोरा_पूल
+१. ते दिवे मोजायला पण मशाल लागत नाही.

परदेशी पात्रांव
लिस्बनहून लिहितो आहे. (पासपोर्टची कहाणी सगळ्यांना ठाऊक, विचारू नका.) इथल्याबद्दल गोव्यात एक गैरसमज पक्का बसला आहे की पोर्तुगालमध्ये सगळं मोकळं आहे. नाही. २००१ पासून साधारण दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ असेल तर तो फौजदारी गुन्हा धरत नाहीत, एवढंच. पोलीस जप्त करतात आणि माणसाला एका समितीपुढे पाठवतात. तिथे समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ, कायदा जाणणारे असतात. विकणाऱ्याला तुरुंग आहेच. आणि हा सगळ्याच पदार्थांचा नियम आहे, फक्त गांजाचा नाही. त्या काळी इथे हेरॉईनने घराघरांत हाहाकार होता, त्यातून तो निर्णय झाला.

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला परवानगी दिली. तिथे तीन पक्षांच्या आघाडीने ते आपल्या करारात लिहून घेतलं होतं, मग केलं. लिहून. हे आपल्याकडे अवघड.

भटकभवानी
लिहून केलेल्याचं दुसरं टोक थायलंड. तिथल्या भूमजैथाई पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत घरोघरी गांजा लावू देण्याचं आश्वासन दिलं, नेते अनुतिन चार्नवीराकुल आरोग्यमंत्री झाले आणि जून २०२२ मध्ये झाड अमली पदार्थांच्या यादीतून निघालं. पण सोबतचा नियमनाचा कायदा काही संसदेतून पार झाला नाही. मी २०२३ ला बँकॉकला गेले तेव्हा एका गल्लीत अकरा हिरव्या पाट्या मोजल्या. आमच्या हॉटेलखालच्या चप्पलवाल्याच्या दुकानातही एक बरणी. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा दोर आवळला, आता डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि अनुतिन? सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान!

म्हणजे गांजाचं आश्वासन देऊन माणूस बुडत नाही. हे मास्तरांच्या बाजूने धरा.

विरोधक कायमचा
थायलंडचं राजकारण धरायचं तर मास्तरांनी रणगाड्यांवर पण पैज लावावी.

जुनंपानं
राजकारण बाजूला ठेवून थोडं आडवाटेला येतो. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य. १५६३ मध्ये त्याचा इथल्या औषधी द्रव्यांवरचा संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रकरण भांगेवर आहे. स्वतः घेतली नाही म्हणतो, पण नोकर चोरून घेत आणि त्याला सांगत की काम जाणवत नाही, मन खूश राहतं आणि खायची वासना होते. साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या कुठल्याही कॉलेजच्या पोराने दिलं असतं.

तो मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. भांगेसाठी नाही, ज्यू असल्याच्या आरोपावरून. पण सत्ताधाऱ्यांना काय खटकेल याचा नेम नाही, हे गोव्याने तेव्हाच पाहिलंय.

नवी सून
त्या बागेत मी रोज बाळाला घेऊन जाते, हे माहीतच नव्हतं! धाग्याचं सार्थक झालं.

सत्तरीकर
माझा काजूचा मळा आहे, थोडं कुळागर (सुपारीची बागायत) आहे. २०२० ला बातमी आली तेव्हा आमच्या गावात लोक हसत होते की आता काजू तोडून गांजा लावू. कोणी खोलात गेलं नाही. औषधासाठी लागवड म्हणजे संशोधन संस्था, कुंपण, पहारा, प्रत्येक झाडाची नोंद. ते माझ्यासारख्याच्या मळ्यात येणारच नव्हतं. फार तर कुंपणाबाहेर रखवालदाराची नोकरी मिळाली असती.

शेतकऱ्याला खरंच फायदा व्हायचा तर धाग्याचा हेम्प. पण त्याला कारखाना जवळ हवा, घेणारा हवा. आमच्या काजूबीच्या दराचं काय होतं ते दर हंगामात बघतो, त्यात नवीन पीक! शिवाय माकडं आणि गवे. गव्याने एक रात्र बागायतीत काढली की सकाळी काय उरतं ते बघायला या. गांजा खाल्लेला गवा कसा वागेल याची मला तरी कल्पना करवत नाही.

फेणीप्रेमी
शांत होईल. आज तो शुद्धीत आहे म्हणून एवढा चिडलेला असतो.

डिचोलीकर
पंचायतीच्या सभेला पाठवा त्याला.

औषधवाली
मी फार्मसीत २३ वर्षं काढली. हसून झालं असेल तर एक गोष्ट सांगते.

१९८५ च्या कायद्यानंतर देशात मॉर्फिन मिळणं जवळपास बंद झालं. मॉर्फिनवर बंदी नव्हती. पण प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने, एका बाटलीसाठी चार-पाच कागद, आणि चूक झाली तर तुरुंग. दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. कॅन्सरचे रुग्ण कळवळून गेले. माझे वडील त्यातले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, डॉक्टर वाईट नव्हते. "साठा नाही" एवढंच सांगत. शेवटचे नऊ दिवस वडिलांनी उशीचा कोपरा दातात धरून काढले. मी फार्मासिस्ट, आणि घरी माझ्या हाताला द्यायला काही नाही.

२०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकच नियम आणला. कुठल्याही पक्षाने मोर्चा काढला नाही, कुणी तरुण पिढी बुडाल्याची बोंब मारली नाही. ती अफूची गोष्ट होती बरं का, गांजाहून कितीतरी जालीम.

म्हणून गांजाच्या औषधी वापराबद्दल मला पक्षांची भीती वाटत नाही, गोंगाटाची वाटते. काही कठीण अपस्मारांत, लहान मुलांच्या, गांजातल्या सीबीडी या घटकाचं औषध चालतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१८ मध्ये ते मान्य केलं. त्यात नशा नाही. पण इथे सीबीडी म्हटलं की समोरच्याला अंजुणाची पार्टी दिसते. उलट बाजूही लिहिते : "गांजाने कॅन्सर बरा होतो" असं सांगून तेलाच्या बाटल्या विकणारे पण वाढलेत. तसा पुरावा नाही. उलटी, वेदना यांत उपयोग होतो, तेवढंच.

सुलभा पेडणे
औषधवाली ताई, वाचून गप्प झाले. औषधाला माझा विरोध नाही, तो आधीही नव्हता. पण औषधाच्या दारातून बाकीचं आत येतं ही भीती खोटी आहे का?

औषधवाली
खोटी नाही, सुलभाताई. दाराला कडी कोण लावणार हा प्रश्न खराच आहे.

शापोरा_पूल
कडीवरून. २०१० मध्ये इथे अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना ड्रगवाल्यांशी साटंलोटं असल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. विधानसभा हादरली, समिती बसली, अहवाल आला. पुढचं तुम्हाला माहीत. त्यामुळे कडक कायदा हवा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कडक कोणासाठी?

वकील तात्या
शापोऱ्याच्या प्रश्नाला एका प्रकरणातून उत्तर देतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पेडण्याकडचा मुलगा, बावीस वर्षांचा, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. खिशात साधारण ३० ग्रॅम गांजा. कायद्यात एक किलोपर्यंत ते अल्प प्रमाण. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे दहा ते वीस वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणं महाकठीण. या दोहोंत किती अंतर आहे बघा. म्हणजे कागदावर या पोराचं फार काही बिघडायचं नव्हतं.

पण २०२० मध्ये रिया चक्रवर्ती प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र. तेच आपलं उच्च न्यायालय. त्यामुळे पोलीस ठाण्यातून जामिनावर सुटका नाही, कोर्टात जावं लागतं. तो काही दिवसांत सुटला. पण त्याला बोटीवर जायचं होतं, तारवटी (खलाशी) व्हायचं होतं, मामा आधीच जहाजावर. पोलीस दाखला अडकला. खटल्याची तारीख पे तारीख. जहाज गेलं, दुसरं गेलं. आता तो भाड्याच्या स्कूटर चालवायला देणाऱ्याकडे नोंदी ठेवतो. ज्याने त्याला विकलं तो कोण, हे आरोपपत्रात कुठेही नाही.

यासाठी गांजा मोकळा करायची गरज नाही. अल्प प्रमाणाला गुन्ह्याऐवजी दंड आणि समुपदेशन, पात्रांवने सांगितलं त्या धर्तीवर. कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला सवलत आहे, पण ती वापरायची वाट माझ्या अशिलाला कोणी दाखवत नाही.

विरोधक कायमचा
तात्या, हे वाक्य म्हणायची हिंमत झालेले खासदार पण होऊन गेलेत. पतियाळाचे धरमवीर गांधी, 'आप'च्या तिकिटावर निवडून आले आणि पक्षाशी बिनसलं, त्यांनी २०१६ मध्ये कायदादुरुस्तीचं खासगी विधेयक आणायचा खटाटोप केला. ओडिशाचे तथागत सत्पथी, बिजू जनता दलाचे, उघड म्हणायचे की मी तरुणपणी ओढलाय आणि बंदी चुकीची आहे. २०१७ मध्ये मनेका गांधी मंत्री असताना औषधी वापराच्या बाजूने बोलल्या. यादी बघा : एक फुटलेला, एक प्रादेशिक, एक एकट्याच बोलणाऱ्या. माणसं बोलतात, पक्ष बोलत नाहीत.

आणि आणखी एक. २ डिसेंबर २०२० ला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात घातक पदार्थांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढलं. भारताने बाजूने मत दिलं! त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीवरून आकाश कोसळत होतं. व्हिएन्नात मतदार नसतात ना.

मांडवीकाठ
हे मला माहीत नव्हतं. मास्तरांना सांगत नाही, त्यांना बळ येईल.

कॉलेजकुमार
मी १९ वर्षांचा आहे म्हणून जरा बोलू का? आमच्या वर्गात घेणारे आहेत. त्यांना कायदा माहीत पण नाही. त्यांना एवढंच माहीत की पकडलं तर बाबांना फोन जाणार. आम्हाला कोणी हे सांगितलं नाही की कमी वयात रोज घेतलं तर लक्ष, स्मरण यांवर परिणाम होतो, घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर जास्तच जपायला हवं. मी स्वतः वाचून शोधलं. शाळेत पोलीस आले, "ड्रग्जला नाही म्हणा" असं घोषवाक्य म्हणून घेतलं, बिस्किटं दिली, गेले.

सुलभा पेडणे
बाळा, माझ्याच शाळेत आले असतील. बिस्किटं आम्हीच आणली होती.

औषधवाली
कॉलेजकुमार, योग्य वाचलंस. गांजा "हलका" म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

फोंडा फास्ट
प्रश्न निवडणुकीचा होता म्हणून हिशेबाने उत्तर देतो. गोव्यात ४० मतदारसंघ, प्रत्येकी तीसेक हजार मतदार. २०२२ ला मुख्यमंत्री सावंत साखळीत ६६६ मतांनी जिंकले. पणजीचा निकाल ७१६ मतांचा. सांत आंद्रेत तर ७६ मतांनी आमदार ठरला. अशा ठिकाणी एका वाड्याची नाराजी म्हणजे पाच वर्षांचा वनवास. गांजाच्या बाजूची मतं कुठे आहेत? जो ओढतो तो मतदानाच्या दिवशी उठेल याची हमी नाही, आणि बरेचसे ओढणारे मतदार दिल्ली-बंगळूरचे. विरोधातली मतं मात्र उठून, आंघोळ करून, साडी नेसून सकाळी सातला रांगेत उभी असतात. देवळाची समिती, चर्च, महिला मंडळ या एकाच विषयावर एका रांगेत येतील. कुठला मूर्ख पक्ष हे अंगावर घेईल?

सुलभा पेडणे
आम्ही साडेसहालाच पोचतो.

विरोधक कायमचा
जाहीरनामा कशाला धरून बसलाय? जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपात गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये आठ. ज्या जाहीरनाम्यावर निवडून आले तो घरीच राहिला असणार, रद्दीबरोबर.

नवी सून
एक बाळबोध शंका. शिवरात्रीला आमच्या सासरी भांगेची थंडाई करतात असं ऐकलं. पान चालतं म्हणालात ना तात्या? गोव्यात मिळते का ती?

वकील तात्या
केंद्राच्या कायद्यातून पान सुटलं, तरी राज्याचा नियम वेगळा असतो. सासूबाईंना विचारण्याआधी अबकारी खात्यात विचारा. आणि थंडाई करायचीच तर बडीशेप, खसखस, बदामाची करा. माझी फी वाचेल.

सत्तरीकर
खसखस पण अफूच्याच बोंडातली हो तात्या.

वकील तात्या
गप्प बसा, सत्तरीकर.

मांडवीकाठ
काल संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती लिहून पैजेकडे परत येतो.

आमच्या वाड्यावर एका पक्षाचे कार्यकर्ते घरोघरी सूचना गोळा करत फिरत होते. "जाहीरनाम्यात काय हवं ते लिहा" असा छापील कागद. पक्ष सांगत नाही, सगळे एकाच मुशीतले. मी तरुण कार्यकर्त्याला विचारलं, बाबा, औषधी गांजाच्या लागवडीबद्दल तुमची भूमिका काय? त्याने आधी मागे वळून पाहिलं, कोण ऐकतंय का. मग फाटकाच्या आत आला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "काका, माझं विचाराल तर व्हायला पाहिजे. आमच्या साहेबांनाही पटतं. पण लिहू नका कागदावर." मी पेन काढलं होतं, त्याने हात धरला. रस्त्याचे खड्डे लिहिले शेवटी.

मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, बघ, साहेबांना पटतं, म्हणजे मी निम्मी पैज जिंकलो. मी म्हटलं, निम्मी बाटली द्या मग.

आता तात्यांच्या सल्ल्याने आम्ही अटी लेखी केल्या आहेत. "औषधी वनस्पतींच्या लागवडीला चालना" एवढं मोघम लिहिलं तर मास्तर हरले. "गांजा", "भांग", "हेम्प" किंवा "विजया" यातला एक तरी शब्द छापून आला तर मास्तर जिंकले. विजया हा शब्द मास्तरांनी घुसवला. आयुर्वेदात भांगेचं ते नाव, आणि त्यांचा अंदाज असा की लिहिलंच तर कोणीतरी असं संस्कृतात लपवून लिहील.

फोंडा फास्ट
मास्तर हुशार आहेत. हे होऊ शकतं.

विरोधक कायमचा
मग लोक समजतील विजया नावाची लाडकी बहीण योजना आहे. सगळ्या जणी फॉर्म भरतील.

सुलभा पेडणे
हसू आलं खरं. पण सांगून ठेवते, असं लपवून लिहिलेलं आम्ही शोधून काढू. औषधासाठी हवं तर औषध म्हणून सरळ लिहा, कडी कुठली ते पण लिहा, मी मंडळात वाचून दाखवीन. मत देईन असं नाही म्हणत. वाचून दाखवीन.

औषधवाली
सुलभाताई, तुमच्या मंडळात मला बोलवा. बिस्किटं मी आणते.

फेणीप्रेमी
सगळं ठीक, पण एका गंभीर गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नाही. निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला. हुर्राक मार्च ते मेचा. यंदाची बाटली तोवर ठेवलीत तर चव राहणार नाही. पैज फेणीची करा.

मांडवीकाठ
अरे देवा. बाटली आधीच आणून मास्तरांच्या कपाटात ठेवली आहे.

डिचोलीकर
पत्ता पाठवा.